लाल, पिवळा, निळा: १९४० ची जर्मन हवाई मोहीम खरंच लंडनमुळे फसली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनीकडे विमानं जास्त, वैमानिक मुरलेले आणि फ्रान्सचा किनारा हाताशी. ब्रिटनचं हवाई दल मोडायच्या बेताला आलं होतं, तेवढ्यात हिटलरला राग आला, त्याने विमानतळ सोडून लंडनवर बॉम्ब टाकायला लावले आणि जिंकत आलेली लढाई घालवली. हे खरं का? आणि नसेल, तर एवढं बळ असून हवेतून चढाई करणारा हरतो कसा?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी हवाई दलात २२ वर्षं फायटर कंट्रोलर होतो. विमान मी उडवलं नाही. जमिनीवर रडारच्या पडद्यासमोर बसायचं आणि उडवणाऱ्याला शत्रू कुठे आहे, किती उंचीवर आहे, तू कुठल्या दिशेने जा, हे सांगायचं, एवढं माझं काम. युद्धात पडद्यासमोर बसायची वेळ माझ्यावर आली नाही. सराव मात्र रग्गड केले. त्यामुळे ही लढाई मला वैमानिकांच्या शौर्यापेक्षा टेलिफोन, टेबल आणि घड्याळ यांच्या बाजूने दिसते. हा माझा एकांगीपणा गृहीत धरूनच पुढचं वाचा.

दुसरी कबुली अशी की हवाई चढाई नेहमीच फसते, असं अजिबात नाही. ५ जून १९६७ ला इस्रायलने इजिप्तचं बहुतेक हवाई दल सकाळच्या काही तासांत जमिनीवरच संपवलं. डिसेंबर १९७१ मध्ये आपण ढाक्याला तेच वेगळ्या पद्धतीने केलं. त्यावर पुढे येतो. १९९१ मध्ये इराकचं काय झालं ते साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. म्हणून ‘कोणाकडे किती विमानं’ हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. माझ्या मते खरे प्रश्न दोन. चढाई करणाऱ्याला नेमकं काय मोडायचं होतं? आणि ते मोडलं की नाही, हे त्याला कळणार कसं?

दुसऱ्या प्रश्नाची गोम मला एका सरावात कळली. आम्ही बचावाच्या बाजूला होतो. हल्लेखोर गट येऊन गेला आणि त्यांच्या वैमानिकांनी छातीठोकपणे सांगितलं की रडार उडवलं. नकाशावरची जागा बरोबर, फोटो बरोबर, वेळ बरोबर. फक्त आमचं फिरतं रडार आदल्या रात्रीच तिथून हललं होतं. मागे मेसचा तंबू तेवढा उरला होता. कागदावर त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही आंधळे होतो आणि प्रत्यक्षात त्यांचा पुढचा गट येताना शांतपणे बघत बसलो होतो. त्या वैमानिकांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. वरून जे दिसलं ते त्यांनी सांगितलं.

आता १९४० कडे येऊ. जर्मनीने या मोहिमेसाठी सुमारे अडीच हजार विमानं आणली होती आणि ब्रिटनच्या फायटर कमांडकडे, म्हणजे हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाकडे, उडवण्याजोगी लढाऊ विमानं सातशेच्या आसपास. हा आकडा ऐकला की सामना विषम वाटतो. पण त्या अडीच हजारांत मोठा वाटा बॉम्बफेकी विमानांचा होता आणि बॉम्बफेकी विमानं आकाश ताब्यात घेत नाहीत. ते काम एकइंजिनी लढाऊ विमानांचं. जर्मनांचं मेसरश्मिट १०९ एका बाजूला आणि ब्रिटिशांची स्पिटफायर व हरिकेन दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली तर संख्या साधारण बरोबरीची भरते. शिवाय १०९ मध्ये इंधन एवढंच मावायचं की लंडनवर पोचल्यावर लढायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळत. त्यानंतर परत फिरायचं, नाहीतर इंग्लिश खाडीत उतरायचं. कितीतरी जण खरंच खाडीत उतरले.

आता मिनिटांचा हिशेब मांडतो, कारण सगळं त्यातच आहे. कॅले ते डोव्हर हे अंतर साधारण ३५ किलोमीटर. तेव्हाच्या बॉम्बफेकी विमानाला ते ओलांडायला सातेक मिनिटं पुरत. उलट जमिनीवर उभ्या असलेल्या स्पिटफायरला वीस हजार फुटांवर चढायला, वैमानिकाने खुर्चीतून उठून धावण्यापासून धरलं, तर पंधरा मिनिटं सहज लागत. म्हणजे शत्रू किनाऱ्यावर दिसला की निघायचं असं ठरवलं, तर तुम्ही कायम उशिराच पोचणार, आणि तेही त्याच्या खाली. हवाई लढाईत खाली असणं म्हणजे विहिरीत उभं राहून काठावरच्या माणसाशी भांडणं. यावर जुना उपाय होता सतत गस्तीचा: काही विमानं कायम वर ठेवायची. पण एक गट वर ठेवायचा तर दुसरा इंधन भरत असतो आणि तिसरा झोपलेला असतो. त्या हिशेबाने ब्रिटनला कितीतरी पट विमानं लागली असती, आणि वैमानिक आठवडाभरात थकून पडले असते.

ही अडचण सोडवली ह्यू डाउडिंग यांनी. हे गृहस्थ १९३६ पासून फायटर कमांडचे प्रमुख. किनाऱ्यावर ‘चेन होम’ नावाच्या रडार केंद्रांची साखळी उभी होती. शंभर मीटरहून उंच लोखंडी जाळीचे मनोरे. फ्रान्सवर जर्मन विमानं थवा बांधू लागली की इकडे कळायचं. पण ‘ब्रिटन रडारमुळे जिंकलं’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. रडार जर्मनांकडेही होतं आणि काही बाबतींत ते ब्रिटिशांपेक्षा सरस होतं. चेन होम तर आजच्या नजरेने अगदी ओबडधोबड यंत्र: ते फक्त समुद्राकडे बघायचं. विमान किनारा ओलांडून आत आलं की रडार संपलं. तिथून पुढे ऑब्झर्व्हर कोअरचे हजारो स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन शेताच्या बांधावर उभे राहून फोन करायचे. डाउडिंग यांचं मोठेपण त्या यंत्रामागे उभ्या केलेल्या व्यवस्थेत आहे.

ती व्यवस्था मला तपशिलात सांगावीशी वाटते, कारण आम्ही ज्या पद्धतीने शिकलो तिचं मूळ तिथे आहे. सगळ्या केंद्रांचे फोन लंडनजवळच्या बेंटली प्रायरीतल्या फिल्टर रूममध्ये यायचे. एक केंद्र म्हणायचं तीसेक विमानं इथे आहेत, शेजारचं म्हणायचं वीसेक विमानं तिथे आहेत. दोन्ही एकच थवा, की दोन वेगळे? हा निर्णय फिल्टर रूममध्ये काही सेकंदांत व्हायचा. निवडलेली माहिती तिथून एकाच वेळी ग्रुपला (देशाचा एकेक मोठा भाग सांभाळणारं मुख्यालय) आणि सेक्टरला (त्या भागातला एकेक तुकडा, जिथून वैमानिकांना सूचना जात) जायची, आणि सगळीकडे सारख्याच नकाशाच्या टेबलावर तरुण मुली लांब काठ्यांनी खुणा सरकवायच्या. भिंतीवरच्या घड्याळावर पाच-पाच मिनिटांच्या पाकळ्या रंगवलेल्या असत: लाल, पिवळी, निळी. मिनिटकाटा ज्या रंगावर, त्या रंगाचा बाण टेबलावर. त्यामुळे वर सज्जात बसलेल्या अधिकाऱ्याला नुसता रंग बघून कळायचं की ही बातमी ताजी आहे की शिळी. शिळे बाण उचलून टाकले जायचे.

हे वाचताना किरकोळ वाटेल. आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, ‘शत्रू कुठे आहे हे सांगू नका, शत्रू कुठे होता आणि कधी, हे सांगा.’ चुकीची माहिती एक वेळ परवडते. जुनी माहिती ताजी समजून वापरली की विमानं रिकाम्या आकाशात जातात. काही वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा अक्सब्रिजचं ते तळघर बघून आलो. ११ क्रमांकाच्या ग्रुपची ही ऑपरेशन्स रूम जमिनीखाली सुमारे ६० फुटांवर आहे, आता संग्रहालय आहे. १५ सप्टेंबर १९४० ला चर्चिल तिथेच बसून लढाई बघत होते. हवा खेळती राहत नसल्यामुळे त्यांना सिगार पेटवू दिला नव्हता म्हणे. घरचे लोक चर्चिलच्या खुर्चीचे फोटो काढत होते आणि मी घड्याळापुढे उभा.

ग्रुपचे प्रमुख कीथ पार्क, न्यूझीलंडचे. लंडनसह आग्नेय इंग्लंड त्यांच्याकडे होतं. थवा दिसला की ते सगळी ताकद एकदम वर पाठवत नसत. एकेक, दोनदोन स्क्वॉड्रन (डझनभर विमानांची तुकडी) पाठवत. त्यांच्या शेजारच्या ग्रुपचे ली-मॅलरी म्हणत, हे थेंबथेंब काय सांडता, चार-पाच स्क्वॉड्रनची मोठी फळी बांधून एकदम ठोका. त्यावर दोघांचं जुंपलं आणि राजकारण असं झालं की लढाई संपताच नोव्हेंबर-डिसेंबरात डाउडिंग आणि पार्क दोघांनाही पदावरून हलवलं. जिंकलेल्यांना ही बक्षिशी! कंट्रोलर म्हणून मी बिनशर्त पार्क यांच्या बाजूने आहे. पाच स्क्वॉड्रन हवेत जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरच्याचे बॉम्ब पडून तो परतीला लागलेला असतो. ली-मॅलरींचे तळ मागे होते, त्यांना ती मिनिटं परवडत होती. पार्कना नव्हती.

आता जर्मनांना काय मोडायचं होतं ते स्पष्ट होईल. विमानं नव्हे, ही साखळी: बघणं, पारखणं, ठरवणं, पाठवणं. तिची एखादी कडी इतका वेळ तुटलेली ठेवायची की दरम्यान जमिनीवरची विमानं गाठता येतील. त्यांनी प्रयत्नच केला नाही असं नाही. १२ ऑगस्टला डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि व्हेंटनर या रडार केंद्रांवर नेमके हल्ले झाले. पहिली तीन काही तासांत पुन्हा चालू झाली. जाळीच्या मनोऱ्यातून स्फोटाचा दाब आरपार निघून जातो. मनोरे उभेच राहिले. व्हेंटनर मात्र काही दिवस खरोखर बंद पडलं. तेव्हा ब्रिटिशांनी दुसऱ्या ट्रान्समीटरवरून सिग्नल चालू ठेवले. पलीकडे ऐकत बसलेल्या जर्मनांना वाटलं, हेही दुरुस्त झालं. तीनच दिवसांनी, १५ ऑगस्टला, जर्मन हवाई दलाचे प्रमुख गोअरिंग यांनी मत दिलं की रडारवर हल्ले करून उपयोग होताना दिसत नाही, ते चालू ठेवण्यात अर्थ नसावा. भिंतीला भोक पडलं होतं आणि पाडणाऱ्याने पहार खाली ठेवली, कारण पलीकडचा उजेड त्याला दिसला नाही.

असंच विमानतळांचं. १३ ऑगस्टला, ज्याला जर्मनांनी ‘गरुडाचा दिवस’ असं भारदस्त नाव दिलं होतं, त्यांनी ईस्टचर्च आणि डेटलिंग झोडपले. डेटलिंगला फार माणसं मेली. पण हे दोन्ही तळ फायटर कमांडचे नव्हतेच, किनारी गस्तीच्या विमानांचे होते. १८ ऑगस्टला गॉस्पोर्ट, फोर्ड, थॉर्नी आयलंड इथेही तेच. आणि त्या एका दिवसात त्यांच्या डुबकी मारणाऱ्या स्टुका विमानांची एवढी कत्तल झाली की ती या मोहिमेतून मागे घ्यावी लागली. किती बॉम्ब अचूक पडले याला महत्त्व तेव्हा, जेव्हा पत्ता बरोबर असतो.

मोजदादीचा गोंधळ याहून वाईट. हवाई झटापटीत प्रत्येक बाजू पाडलेल्या विमानांचा आकडा फुगवते. मुद्दाम नव्हे, एकाच पडणाऱ्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडलेल्या असतात आणि तिघेही ते आपल्या खाती मांडतात. १५ सप्टेंबरला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं; खरा आकडा साठच्या आसपास. म्हणजे तिपटीने फुगवलेला. मग त्यांचा निर्णय कसा चुकला नाही? कारण त्यांचा निर्णय त्या आकड्यावर उभाच नव्हता. आज सकाळी माझ्या हातात किती विमानं, किती वैमानिक, एवढं पार्कना कळलं की पुरे, आणि ते फोन करून कळत होतं. जर्मनांना मात्र समोरच्याच्या हातात किती उरली हे कळणं भाग होतं. त्यांनी आपल्या वैमानिकांचे दावे वजा करत नेले आणि ब्रिटनचं उत्पादन फार कमी धरलं. प्रत्यक्षात ब्रिटिश कारखाने त्या उन्हाळ्यात महिन्याला साडेचारशेहून अधिक लढाऊ विमानं देत होते, जर्मनीच्या साधारण दुप्पट. शिवाय मोडलेली दुरुस्त होऊन परत येत होती ती वेगळीच. त्यामुळे जर्मन वैमानिकांना वरून सांगितलं जायचं की शेवटची मोजकीच उरली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी समोर पुन्हा तेवढीच हजर.

ब्रिटनची खरी चणचण वैमानिकांची होती. ती मी कमी लेखत नाही. लढलेल्या जवळपास तीन हजारांपैकी ५४४ मेले, आणि ऑगस्टअखेर नवी मुलं लढाऊ विमानावरच्या दहा-वीस तासांच्या सरावावर स्क्वॉड्रनमध्ये येत होती. पण इथेही घरच्या अंगणात लढण्याचा फायदा होता. केंटवर पॅराशूटने उतरलेला ब्रिटिश वैमानिक संध्याकाळी तळावर परत असायचा. तिथेच उतरलेला जर्मन युद्ध संपेपर्यंत कैदेत. पोलिश, चेक, न्यूझीलंड, कॅनडाच्या वैमानिकांनीही खिंड लढवली. पोलिश वैमानिकांना सुरुवातीला इंग्रजी येत नाही म्हणून थांबवून ठेवलं होतं, हे माझ्यासारख्या जन्मभर रेडिओवर बोललेल्या माणसाला पटतं. नंतर त्यांच्याच ३०३ स्क्वॉड्रनने भल्याभल्यांना मागे टाकलं.

आता लंडन. २४ ऑगस्टच्या रात्री काही जर्मन विमानांचे बॉम्ब चुकून लंडनवर पडले. लगेच ब्रिटिशांनी बर्लिनवर बॉम्ब टाकले. ४ सप्टेंबरला हिटलरने जाहीर भाषणात बदल्याची धमकी दिली आणि ७ तारखेला लंडन पेटलं. रागाचा भाग आहेच. पण त्याच्या जोडीला एक हिशेबही होता: ब्रिटनची शेवटची लढाऊ विमानं राजधानी वाचवायला नक्की वर येतील, मग त्यांना एकदाच संपवू. हिशेब वाईट नव्हता, त्यातला आकडा खोटा होता. समोर खरंच पन्नास-शंभर विमानं उरली असती, तर आज आपण हीच चाल शहाणपणाची म्हटली असती.

आणि विमानतळांवरचे हल्ले चालू राहिले असते तर? सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पार्क यांचे तळ बेजार होते, यात वाद नाही. पार्क यांनी स्वतः तसं लिहिलं आहे. पण ते बहुतेक तळ गवताची मैदानं होती. खड्डा पडला की राडारोडा टाकून, रोलर फिरवून दुपारपर्यंत मैदान चालू. लढाईच्या सबंध काळात बराच वेळ बंद पडले ते मॅन्स्टन आणि लिम्प्न हे अगदी किनाऱ्यावरचे दोनच. फारच झालं असतं तर विमानं थेम्सच्या उत्तरेला सरकवता आली असती, जिथे १०९ चं इंधन पुरत नव्हतं. जर्मनांना सैन्य घेऊन समुद्र ओलांडायचा होता तो शरदातली वादळं सुरू व्हायच्या आत. १७ सप्टेंबरला हिटलरने ती स्वारी बेमुदत पुढे ढकलली. म्हणून माझं मत: लंडनकडे वळण्याने ब्रिटनला श्वास मिळाला, नशीब फिरलं ते त्यामुळे नव्हे.

‘कशावर अवलंबून’ हा भाग आपल्याकडच्या उदाहरणांतून चांगला कळतो. ६ सप्टेंबर १९६५ ला संध्याकाळी पठाणकोटला आपली दहाएक विमानं जमिनीवर उभी असताना गेली. धडा कडू होता. त्यानंतर तळोतळी काँक्रीटचे ब्लास्ट पेन, म्हणजे विमानं ठेवायचे आडोसे, बांधले, विमानं विखरून ठेवायची सवय लावली. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानने पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, आग्रा अशा तळांवर अचानक हल्ला केला तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. धावपट्ट्या बुजवून त्याच रात्री आपली विमानं उलट निघाली. मी तेव्हा शाळेत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवायचं काम माझ्याकडे, एवढाच माझा युद्धातला सहभाग.

त्याच आठवड्यात ढाक्याला आपण उलटी बाजू खेळलो. तिथे पाकिस्तानकडे सेबर विमानांचं एकच स्क्वॉड्रन आणि मोजकेच वापरण्याजोगे तळ, मागे सरकायला जागा नाही. पहिल्या दोन दिवसांत त्यांच्या विमानांना हवेत आणि जमिनीवर गाठायच्या नादात आपलंही नुकसान झालं. मग डाव बदलला: मिग-२१ नी ढाक्यातल्या तेजगावच्या धावपट्टीवर तीव्र कोनातून ५०० किलोचे बॉम्ब टाकले, आणि दुरुस्ती होताना दिसली की पुन्हा टाकले. गोअरिंग यांनी व्हेंटनरवर जे केलं नाही ते हेच, परत जाऊन बघणं. १९९१ मध्ये इराकचं जाळं पहिल्याच रात्री फाटलं, त्यालाही असंच कारण आहे. ते जाळं फ्रेंचांनी बांधलेलं होतं, त्यामुळे कुठली गाठ सोडायची हे अमेरिकेला आधीच ठाऊक होतं. उलट २०२२ मध्ये युक्रेनने हल्ल्याच्या तोंडावर आपली बरीचशी फिरती क्षेपणास्त्रं हलवली आणि रशियाची पहिली सलामी पुष्कळ ठिकाणी मोकळ्या जागांवर गेली. आमचा मेसचा तंबूच म्हणा.

तुमचा ‘जर-तर’ मला बदलून द्यायचा झाला तर मी लंडनचा न देता असा देईन: जर्मनांना सेक्टरच्या ऑपरेशन्स रूमचं महत्त्व कळलं असतं तर? अक्सब्रिजचं ठिकाण जमिनीखाली होतं. सेक्टरच्या खोल्या मात्र विमानतळांवरच, जमिनीवर, साध्या विटांच्या. वैमानिकांशी बोलणारा आवाज त्या खोलीतून यायचा. पार्क यांच्याकडे असे सातच सेक्टर होते आणि जर्मनांना ते माहीत नव्हतं. त्या सात खोल्या एका सकाळी हेरून पाडल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिलं असतं, तर मी आत्ता इतक्या खात्रीने लिहिलं नसतं. अर्थात त्यांतल्या बिगिन हिल सेक्टरची खोली एकदा पडलीच. ऑगस्टअखेरच्या हल्ल्यांत ती निकामी झाली, टेलिफोनवरच्या मुली बॉम्ब पडत असताना जागच्या हलल्या नाहीत म्हणून त्यांतल्या काहींना पुढे लष्करी पदक मिळालं. आणि सेक्टरचं काम? त्यांनी टेबल, फोन उचलले आणि गावातल्या एका दुकानात मांडले.